काचीगुड्याच्या बूथवरचे गुरुवार

काचीगुडा स्टेशनातून बाहेर पडलं की डाव्या हाताला, इराणी हॉटेल आणि सायकल दुरुस्तीचं दुकान यांच्या मधल्या गाळ्यावर ब्याण्णव साली एक पिवळी पाटी लागली. एसटीडी, आयएसडी, पीसीओ. पाटीखाली काचेची एक खोली, एक माणूस जेमतेम उभा राहील एवढी. आणि तिच्याबाहेर टेबल मांडून बसलेली विमल सोनकांबळे.

विमल मूळची देगलूरकडची, सातवी पास. लग्न होऊन हैदराबादेत आली तेव्हा नीट सतराचीही नव्हती. नवरा भिवाजी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कामाला, रुळांच्या पलीकडच्या वस्तीत दोन खोल्यांचं घर. तीन वर्षांनी गीता झाली. विमल दीड दिवस अडली होती आणि बाळ जन्मल्यावर रडलंच नाही. पुढं मान धरायच्या वयात मान धरेना, बसायच्या वयात बसेना. कपडे बदलायला हात वर करावा तर हात लाकडासारखा ताठ. "जन्मताना मेंदूला हवा कमी पडली. सीपी म्हणतात याला," असं एका डॉक्टरनं सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. सीपी म्हणजे काय, ते किती दिवस राहतं, कुठल्या औषधानं जातं, हे विचारायचं विमलच्या तोंडातच राहिलं. ते कशानंच जात नाही, हे कळायला तिला चार वर्षं लागली. आणि गीताला सगळं समजतं, फक्त तिच्या तोंडातून शब्द बाहेर यायला वेळ लागतो, हे कळायला आणखी दोन.

अपंगांसाठी टेलिफोनचे बूथ राखून ठेवलेत, ही बातमी भिवाजीनंच पार्सल ऑफिसातून आणली. अपंग मुलीच्या आईच्या नावानं अर्ज चालतो की नाही, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. विमलनं कचेरीत इतक्या चकरा मारल्या की शेवटी तिथल्या बाबूनंच तिला खुर्ची दिली आणि अर्ज ठेवून घेतला. बूथ मिळाला. मग प्रश्न आला गीताचा. ती तेव्हा नऊ वर्षांची. दिवसभर घरी तिच्याजवळ बसणारं दुसरं माणूस नव्हतं.

"घेऊन जाते बूथवर," विमल म्हणाली.

"स्टेशनसमोर? हज्जार माणूस येतं-जातं तिथं. लोक बघतील."

"बघतील, आन् मग बघायचं थांबतील. किती येळ बघणार?"

भिवाजी वाईट माणूस नव्हता. मुलीला अंघोळीसाठी उचलून न्यायचा, तिच्यासाठी सुट्टीच्या दिवशी मटण आणायचा. पण गावाकडचं लग्नकार्य निघालं की विमलला मुलीपाशी ठेवून एकटाच जायचा, आणि तिथं कुणी विचारलं तर "पोरीला ताप आहे" म्हणायचा. इतकी वर्षं पोरीला तापच होता. तरी त्यानं जुन्या बाजारातून हातांची एक वेताची खुर्ची आणून दिली. विमल रोज सकाळी गीताला कडेवर घेऊन रूळ ओलांडायची आणि त्या खुर्चीत बसवून, जुन्या लुगड्याचा पट्टा छातीभोवती बांधून टाकायची. लोकांनी पाहिलं, महिनाभर पाहिलं. नंतर हॉटेलातला अब्बूभाई येता-जाता "क्या गीताबेटी, आज गिऱ्हाइक कैसा है?" असं विचारू लागला, आणि गीता मान मागं टाकून, सगळं अंग हलवून हसू लागली.

टेलिफोनच्या धंद्यात एक पथ्य पाळावं लागतं. काचेच्या आतलं सगळं बाहेर ऐकू येतं, पण ऐकू आलं असं दाखवायचं नाही. कुणाची नोकरी गेली, कुणाचं लग्न मोडलं, कुणाला मुलगा झाला, विमल सगळं ऐकायची आणि मीटरवरच्या लाल आकड्यांकडं पाहत बसायची. दोन वर्षं तिनं हे पथ्य पाळलं. ते मोडलं एका दुपारी.

एक बाई आली, पंचविशीतली, खांद्यावर मूल. मूल तीनेक वर्षांचं असावं, पण मान खांद्यावरून घरंगळत होती. विमलला एका नजरेत कळलं. बाईनं महबूबनगरचा नंबर दिला, आत गेली, आणि तेलुगूत बोलू लागली. नवऱ्याशी बोलत असावी. डॉक्टर म्हणतो काही होणार नाही, घेऊन जा, असंच राहणार, एवढं तिनं सांगितलं. मग गप्प झाली. पलीकडून "हॅलो, हॅलो" ऐकू येत होतं, मीटर पळत होता, आणि बाई काचेला कपाळ लावून उभी होती.

विमल उठली. दार उघडून तिनं तिच्या हातातून रिसीव्हर घेतला, हलकेच जागेवर ठेवला. "इधर बैठो अम्मा," ती आपल्या दखनीत म्हणाली. "मेरी बच्ची भी ऐसीच है. देखो."

बाईनं वळून गीताकडं पाहिलं. अकरा वर्षांची मुलगी, पट्ट्यानं बांधलेली, अनोळखी माणूस बघून उत्साहानं हातपाय ताणत, तोंडातून लाळ गळतेय. बाईच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते विमल पुढं कधी विसरली नाही. ती दया नव्हती, भीती होती. माझंही असंच होणार, आठ वर्षांनी असंच. तिनं पोराला छातीशी आवळलं आणि पैसे टेबलावर टाकून निघून गेली, उरलेली चिल्लरसुद्धा न घेता.

विमल खुर्चीत बसली. थोड्या वेळानं गीतानं विचारलं. एक वाक्य बोलायला तिला मिनिटभर लागायचं, एकेक शब्द जणू विहिरीतून ओढून काढायचा.

"माय... ती... मला बघून... पळाली का?"

खोटं बोलणं सोपं होतं. "हो," विमल म्हणाली. "ती घाबरली. म्या बी घाबरले होते आधी."

"आता?"

"आता तुला घाबरत नाही. तुझ्या रागाला घाबरते."

गीता हसली नाही. आणि विमलनं मनाशी ठरवलं की आपलं काम मीटर बघायचं, लोकांच्या दुःखात हात घालायचा नाही.

आठ-दहा दिवसांनी ती बाई परत आली. मूल खांद्यावरच. फोन करायचा नव्हता. ती टेबलाजवळ उभी राहिली, गीताकडं पाहिलं, या वेळी नजर काढली नाही. तिचं नाव रेणुका. मोडक्यातोडक्या दखनीत तिनं एकच गोष्ट विचारली: "अक्का, आपकी बच्ची खाती कैसा?"

तिचा मुलगा खाताना ठसकायचा, नाकातून दूध यायचं, एकेका जेवणाला दोन तास लागायचे. डॉक्टरनं ते विचारलंच नव्हतं आणि तिनंही सांगितलं नव्हतं. विमलनं डबा उघडला. रेणुका पोराला मांडीवर आडवा घेऊन, मान मागं टाकून भरवत होती. विमलनं त्याला उभा बसवला, पाठ आपल्या पोटाला टेकवून, मान किंचित पुढं. भातावर पातळ वरण ओतायच्या ऐवजी दोन्ही कुस्करून घट्ट गोळा केला, छोटा चमचा समोरून, ओठांच्या उंचीवर नेला. "ऊपर से नक्को. ऊपर से दिए तो गर्दन पीछे जाती, और निवाला गलत रस्ते से जाता." पोरानं घास घेतला. तोंडात घोळवला. गिळला. ठसका लागला नाही.

"थांब... म्हणावं," गीता मधेच म्हणाली. "गिळल्यावर... दुसरा."

विमलनं ते रेणुकाला समजावून सांगितलं. रेणुकानं मान हलवली आणि गीताकडं बघून म्हणाली, "ठीक है, टीचर."

त्या दिवशी गुरुवार होता. रेणुकानं कोठी भागातल्या एका शाळेत शिपायाची नोकरी करणाऱ्या भावाकडं मुक्काम हलवला होता आणि गुरुवारी दुपारी तिला वेळ मिळायचा. पुढच्या गुरुवारी ती चादरघाटच्या शाहीनला घेऊन आली. शाहीनची मुलगी सहा वर्षांची, तिला झटकेही यायचे. मग शाहीनच्या ओळखीची एक, दवाखान्याच्या रांगेत भेटलेली दुसरी. दोन ते चार ही वेळ तशी मंदीची, फोन कमी. फुटपाथवर सतरंजी अंथरून पाच-सहा बायका बसायच्या, मुलं मांडीवर. अपंगत्वाचा दाखला कुठल्या दिवशी मिळतो, रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म कोण नीट भरून देतो, बूट कुठला चांभार करून देतो, झटका आला तर तोंडात चमचा का घालायचा नाही, हे सगळं तिथं बोललं जायचं. सासू "तुझ्याच घराण्याचं काहीतरी असणार" म्हणाली तर काय उत्तर द्यायचं, यावर तर दोन-तीन गुरुवार गेले. शाहीनचं उत्तर सगळ्यांत खणखणीत होतं, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

शहाण्णव साली मेधा आली. पुण्याची, नवरा बेगमपेटला एका कॉम्प्युटर कंपनीत लागलेला, बरकतपुऱ्यात भाड्याचं घर, आणि घरच्या फोनचा नंबर अजून यायचा होता. आईशी बोलायला ती या बूथवर यायची. आतून मराठी ऐकू आलं की विमलला बरं वाटायचं. एकदा फोन ठेवून बाहेर आल्यावर मेधा गीताच्या खुर्चीपाशी थांबली.

"काकू, राग नका मानू. हा पट्टा छातीला का बांधलाय?"

"नाही बांधला तर खाली घसरती."

"ती घसरते कारण तिचे पाय लोंबकळतायत. मी फिजिओथेरपिस्ट आहे. बघू का?"

मेधानं अब्बूभाईकडून चहाच्या पत्तीचं एक खोकं मागून आणलं, गीताच्या पायांखाली ठेवलं. कंबर पार मागं सरकवली, पट्टा छातीवरून सोडून कमरेवर बांधला. पाय टेकले तसं गीताचं अंग सैलावलं, मान वर आली. आणि तिचा उजवा हात, जो इतकी वर्षं खुर्चीची दांडी धरून ठेवण्यातच अडकला होता, मोकळा झाला. तिनं तो हळूहळू पुढं नेला आणि टेबलावरची फोनची वही स्वतःकडं ओढली. विमल बघत राहिली. तेरा वर्षांत ही साधी गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती.

मेधा गुरुवारी यायला लागली. हुशार, तळमळीची, पण घाईची. प्रत्येक आईला तिनं व्यायामांचा कागद लिहून दिला. सकाळी अर्धा तास, दुपारी वीस मिनिटं, संध्याकाळी पुन्हा अर्धा तास. तीन आठवडे झाले तरी कुणीच पूर्ण करेना. मेधाचा आवाज चढला. "हे तुमच्याच मुलांसाठी आहे ना? मग?"

रेणुका उठली आणि म्हणाली, "मॅडम, सुबह चार बजे पानी आता. भरती. फिर खाना, फिर इसका खाना, फिर चार घर का काम. रात को ये सोता नहीं, मैं भी सोती नहीं. कौन-सा आधा घंटा, आप बोलो."

मेधा लाल झाली. त्या दिवशी ती लवकर गेली. विमलला वाटलं, संपलं, आता ही येत नाही. पण पुढच्या गुरुवारी ती आली ती हातात कागद न घेता. सतरंजीवर बसली आणि म्हणाली, "विमलकाकू, या सगळ्यांना सगळ्यात जास्त काय पाहिजे आहे?"

विमलनं विचार करायला वेळ घेतला नाही. "झोप," ती म्हणाली. "आठवड्यातनं एक दुपार. लेकरू कुणाच्या तरी हातात सुखरूप आहे, एवढं माहीत असलेली एक दुपार."

त्यासाठी जागा पाहिजे होती, आणि फुटपाथ त्या कामाचा नव्हता. वस्तीतल्या बुद्धविहाराचा हॉल दुपारी रिकामाच असायचा, संध्याकाळी वंदनेपुरता उघडायचा. विमलला कमिटीपुढं एकटीनं जायचा धीर होईना. भिवाजी म्हणाला, "मी येतो." तिनं त्याच्याकडं पाहिलं. "असं काय बघतीस? नामदेवराव माझ्या गावाकडचा आहे."

नामदेवराव म्हणजे विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष, रेल्वेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती मुलं?"

"अकरा."

"आपल्या समाजाची किती?"

"दोन," विमल म्हणाली.

"आणि बाकीची?"

विमलच्या आधी भिवाजी बोलला. "बाकीची बी लेकरंच आहेत, साहेब. माझी पोरगी त्यांच्यात बसती. तिचं नाव गीता. ती चौदा वर्षांची आहे, तिला चालता येत नाही." एवढं म्हणून तो थांबला. घराबाहेरच्या माणसाला हे तो पहिल्यांदाच सांगत होता, हे नामदेवरावांना माहीत असायचं कारण नव्हतं. विमलला होतं. तिनं मान खाली घातली.

नामदेवरावांनी किल्ली दिली. अट एकच, हॉल जसा मिळाला तसा झाडून परत द्यायचा.

पहिल्या गुरुवारी गंमतच झाली. मुलांना सांभाळायला विमल, मेधा आणि आणखी दोघी आया सज्ज. बाकीच्यांनी जायचं, चारला यायचं. पण जाईना कुणीच. सगळ्या जणी बाहेर पायऱ्यांवर बसून राहिल्या, आत कुणी रडलं की सगळ्याच उठायच्या. शाहीन एकदा गेली ती दहा मिनिटांत धापा टाकत परत आली. तिसऱ्या गुरुवारी मात्र ती साडेचारला उगवली, डोळे सुजलेले, गालावर उशीचा वळ. "मैं सो गई," ती अपराध्यासारखी म्हणाली. "दो घंटे. नौ साल में पहली बार." आणि रडायला लागली. तिची मुलगी तिकडं चटईवर पालथी, दोन्ही कोपरांवर मान तोलून, विमलच्या हातातल्या खुळखुळ्याकडं बघत होती.

गुरुवारच्या जोडीला मग सोमवारही आला. पाळी लावून काम चालायचं: एका आठवड्यात चौघींनी सांभाळायचं, बाकीच्यांनी जायचं. मेधानं व्यायामही शिकवले, पण आता अंघोळ घालता घालता पाय कसा सोडवायचा, कडेवर घेतानाच मांड्या कशा फाकवून ठेवायच्या, असे. वेगळा अर्धा तास कुणालाच लागला नाही. गीता सगळ्यांत मोठी, त्यामुळे तिच्याकडं आपोआप दादागिरी आली. कोण कसं बसलंय यावर तिचं बारीक लक्ष. तिचं बोलणं नवख्या माणसाला कळायचं नाही, पण तिथल्या पाच वर्षांच्या पोरांनाही ते स्वच्छ कळायचं. भिवाजीच्या पुतण्याचं देगलूरला लग्न निघालं, तेव्हा त्यानं तीन तिकिटं काढली. लग्नात त्यानं मुलीला स्वतः भरवलं, मान किंचित पुढं, चमचा समोरून. बघणारे बघत होते. एका म्हातारीनं "काय झालं रे पोरीला?" म्हणून विचारलं. त्यानं सगळं सांगितलं, जन्मापासूनचं, आणि सांगताना जेवण निवून गेलं तरी त्याला कळलं नाही.

दोन हजार एकला मेधाच्या नवऱ्याची बंगळूरला बदली झाली. जाताना ती खूप रडली, पण तोवर तिच्यावाचून अडत नव्हतं. अडायला लागलं ते बूथचं. लोकांच्या खिशात फोन आले. आधी व्यापारी गेले, मग कॉलेजची मुलं, शेवटी हमालसुद्धा कमरेला मोबाइल लावून फिरू लागले. एखाद्या दिवशी काचेचं दार उघडायचंही नाही. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात विमलनं पाटी उतरवली. तारनाक्याच्या पलीकडच्या एका संस्थेत, जिथं मुलांवर उपचार व्हायचे, तिला बोलावणं आलं: नव्यानं आलेल्या आई-बापांशी बोलायला कुणीतरी पाहिजे होतं. शिक्षण सातवी, म्हणून कागदावर तिचं पद "मदतनीस" असं लिहिलं गेलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. डॉक्टरच्या खोलीतून बाहेर पडलेली बाई पहिल्यांदा जिथं टेकते, त्या बाकावर ती बसून असायची.

एकच प्रश्न होता ज्याचं उत्तर तिच्यापाशी नव्हतं, आणि तो दर महिन्याला कुणीतरी विचारायचंच. आपण गेल्यावर काय? विहारात एका सोमवारी शाहीननं विचारला, तेव्हा विमल म्हणाली, "मला बी माहीत नाही गं." आणि थोड्या वेळानं: "पण एक करता येईल. आपल्या लेकरांना आपल्याशिवाय दुसऱ्याचं घर माहीतच नाही. आधी ते तरी माहीत होऊ दे."

असं ठरलं की महिन्यातून एकदा एकीचं मूल दुसरीच्या घरी मुक्कामाला जाईल. बोलायला सोपं. पहिली पाळी कुणाची म्हटल्यावर सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. गीतानंच हात वर केला. बावीस वर्षांची झाली होती.

शनिवारी संध्याकाळी भिवाजी आणि विमलनं तिला ऑटोत बसवून चादरघाटला शाहीनकडं पोचवलं. विमलनं औषधं, कपडे, चमचा, सगळं बांधून दिलं, वर एका कागदावर काय काय करायचं ते लिहिलं. कागद बघून शाहीन हसली. "अक्का, दस साल से देख रही हूँ इसकू." घरी आल्यावर दोघं जेवायला बसली. विमलनं सवयीनं तीन ताटं मांडली होती, एक उचलून ठेवलं. भिवाजी म्हणाला, "किती वर्षांनी आपण दोघंच," आणि जेवण उरकून दोघांनी लवकरच अंथरुणं घातली.

सकाळी सात वाजताच विमल शाहीनच्या दारात. आत गीता खाटेवर लोडाला टेकून बसलेली, शाहीनची मुलगी तिच्या पायाशी. पंखा चालू, रेडिओ चालू. शाहीन शेगडीपाशी.

"चल, घरी जायचं," विमल म्हणाली.

गीतानं आईकडं पाहिलं, मग शेगडीवरच्या पातेल्याकडं.

"थांब माय," ती म्हणाली, एकेक शब्द सावकाश ओढत. "बस जरा. चहा... व्हायचाय... अजून."

विमल चपला काढून आत आली आणि बसली.